खाली रोडी होती म्हणून

गोलकीपर जोगिंदरनं बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि अलकनंदाचं तोंड सवयीनं उघडलं. तेरा वर्षं हे असंच चालत आलं होतं. गोलीच्या हातात बॉल आला की मैदानाच्या कडेला आपल्या लोखंडी खुर्चीतून ती अर्धी उठायची, "वर!" म्हणून ओरडायची, जोगिंदर तीन पावलं धावून पाय घालायचा, आणि बॉल सोसायटीच्या पाण्याच्या टाकीएवढा चढून पार पलीकडे तिच्या मुलाच्या, राजीवच्या, कपाळावर उतरायचा. तिथून पुढे राजीव आणि गोलपोस्ट, मध्ये कुणी नाही. आज जोगिंदरनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कमरेत वाकला, आणि बॉल हातानं गवतावरून शेजारच्या साकेतकडे घरंगळत सोडला. पोळपाटावरून कणकेचा गोळा पुढे सारावा तसा. अलकनंदाच्या तोंडातला "वर" अर्धा बाहेर आला आणि अर्धा आतच राहिला. साकेतनं बॉल तिसऱ्याला दिला, तिसऱ्यानं परत साकेतला, आणि साकेतनं चक्क मागे, आपल्याच गोलीकडे. मागे! समोरच्या टीमची पोरं हसायला लागली. अलकनंदाला वाटलं, आपल्याच घरात आपण पाणी प्यायला उठावं आणि माठ कुणीतरी जागेवरून हलवलेला असावा. हात पुढे जातो आणि तिथं काही नसतं.

पलीकडच्या रेषेवर नवा मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. नरसिंह कामत. मडगावचा माणूस, चाळिशीच्या आतला, गुडगावला पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीत. कंपनीनं क्लबच्या पोरांना नवे शर्ट दिले, शर्टांवर आपलं नाव छापलं, आणि शर्टांबरोबर हा माणूसही दिला. पूर्वी मॅनेजर बँकेत असायचा. हल्ली म्हणे सगळीकडे असतो. दर रविवारी गुडगावहून गाडी हाकत यमुनेपलीकडे मयूर विहारला यायचा, पोरांशी हळू आवाजात बोलायचा, आणि ओरडायचा कधीच नाही. अलकनंदाला न ओरडणाऱ्या पुरुषाचा भरवसा वाटत नसे. ओरडणारा माणूस काय करणार आहे ते आधी कळतं तरी. पहिले तीन रविवार त्यानं काही म्हणजे काही केलं नव्हतं, नुसता पाहत राहिला होता, आणि तिला वाटलं होतं, बरंय, शोभेचा आहे. आता बॉल गवतावरून सरपटत जाताना तिला कळलं की तीन रविवार तो शोभा देत नव्हता, मोजमाप घेत होता.

मॅच एक-एक अशी सुटली. घरी येऊन तिनं डाळीला फोडणी दिली आणि मोहरी जाळली, जी तिनं लग्न झाल्यापासून कधी जाळली नव्हती. सून विनया खिडकी उघडत म्हणाली, "आई, लक्ष कुठेय?" अलकनंदा म्हणाली, "लक्ष जागेवर आहे, मोहरीच आजकाल हलकी येते." पण तो अर्धा शब्द घशात तसाच होता. दुपारी पडली तेव्हा होता, संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना होता. शब्द गिळला की तो पोटात जातो असं आपण समजतो. तो जात नाही, मध्येच कुठेतरी उकिडवा बसून राहतो. हे तिला आजच कळलं असं नव्हतं. असा एक शब्द तिच्याजवळ तेरा वर्षं होता.

त्र्याऐंशी साली दिल्लीतल्याच सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून अलकनंदा, तिचे यजमान भाऊसाहेब आणि राजीव इथं आले तेव्हा इथं राहण्यासारखं काही नव्हतं. सह्यगिरी सोसायटी म्हणायची, पण गिरी म्हणजे मातीचे ढिगारे. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. मागची मोकळी जागा कागदावर मैदान होती आणि प्रत्यक्षात आसपासच्या सगळ्या ठेकेदारांचा उकिरडा: फुटक्या विटा, सळ्यांचे तुकडे, बदरपूरची लाल भरड वाळू, आणि रोडी. खडी म्हणायचं विसरून सोसायटीतली झाडून सगळी मराठी माणसं वर्षभरात रोडीच म्हणायला लागली होती. भाऊसाहेब केंद्र सरकारच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, पण जीव फुटबॉलमध्ये. त्यांनी सोसायटीतल्या आणि आजूबाजूच्या पोरांना गोळा करून क्लब काढला, आणि दर रविवारी त्या रोडीवर अकरा पोरं गुडघे फोडून घ्यायला लागली. बॉल पायानं पुढे सारला की रोडीवर आपटून भलतीकडेच उडायचा. उजवीकडच्याला दिलेला डावीकडे जायचा. भाऊसाहेब शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचे. पोरांना वाटायचं आपलंच चुकतंय. क्लब सलग सात मॅच हरला.

अलकनंदा हे सगळं वरून पाहायची. बाल्कनीत कपडे वाळत घालायला अर्धा तास लागतो, ती दीड तास लावायची. वरून मैदान ताटासारखं दिसतं. चौथी पास बाई, फुटबॉलचे नियम तिला आजही धड येत नाहीत, पण वरून तिला जे दिसलं ते खाली शिट्टी फुंकणाऱ्याला दिसत नव्हतं: पोरं चुकत नव्हती, जमीन चुकत होती. त्या दिवसांत जिन्यात सिमेंटची पोती पडलेली असायची, तर ती खाली उभ्या राजीवला स्कूटरची किल्ली बाल्कनीतून फेकायची, आणि वीस वर्षांचा तो उंच पोरगा हात वर करून अलगद झेलायचा. एके दिवशी किल्ली हवेत असतानाच तिच्या डोक्यात ते आलं. विचार असा नव्हता. हाताला जे येत होतं ते डोक्याला कळलं, इतकंच. रात्रीच्या जेवणाला भाऊसाहेबांच्या पानात पोळी टाकताना ती म्हणाली, "खालून कशाला पाठवता हो बॉल? खाली रोडी आहे. उचलून राजूच्या डोक्यावर टाका. वर काही आडवं येत नाही." त्यांनी आमटी मागितली. पुढच्या रविवारी जोगिंदरनं पहिल्यांदा तसा उंच पाय घातला, आणि क्लब तीन-शून्य जिंकला.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. कुणीतरी बर्फी आणली. सगळे विचारत होते, भाऊसाहेब, हे काढलंत कुठून? आणि भाऊसाहेब बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाले, "सुचलं." एवढंच. खोटं नव्हतं ते अगदी. कुणालातरी सुचलं होतंच की. अलकनंदा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. त्यांनी वर पाहिलं असतं तर तिनं हसून सोडून दिलं असतं. पण ते नाडीच्या गाठीत गुंतले होते, आणि ती गाठ नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ सुटेना. ती ट्रे ठेवून आत गेली. मग वर्षं गेली. "सुचलं"चं तत्त्व झालं, तत्त्वाचं भाषण झालं, क्लबच्या हॉलमध्ये निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत 'नजर आभाळाकडे' लागलं. भाऊसाहेब बक्षीस समारंभांत सांगायचे, माणसानं जमिनीत गुंतू नये. अलकनंदा पहिल्या रांगेत बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, अहो, रोडी होती. आभाळ कुठून आलं मध्ये? बाल्कनी सोडून ती खाली खुर्ची टाकून बसायला लागली आणि ओरडायला लागली, ते मात्र त्या बर्फीनंतरच्या रविवारपासूनच. आपली वस्तू दुसऱ्याच्या नावानं चालते आहे हे माहीत असलं तरी ती नीट चालते आहे ना एवढं बघायला नको? लोक म्हणायचे, काकूंचा भाऊसाहेबांच्या खेळावर केवढा जीव. ब्याण्णव साली भाऊसाहेब गेले, तेव्हा हॉलमधल्या कापडाखाली त्यांचा फोटो लागला, आणि फोटोशी कोण वाद घालणार? चौऱ्याण्णवमध्ये मैदान सपाट झालं, माती पडली, नळ्यांतून पाणी आलं, गवत उगवलं. ते त्यांनी पाहिलंच नाही. तिनं पाहिलं. पाहिलं, आणि पुढचा प्रश्न स्वतःला विचारला नाही.

तो प्रश्न आता हा कामत न विचारता विचारत होता. एकदम काही करत नव्हता, तेच जास्त लागत होतं. एका रविवारी चार पोरं चौकोनात उभी केली, एक मध्ये, आणि चौघांनी मधल्याला बॉल लागू न देता आपसात फिरवायचा. अलकनंदा मोठ्यानं म्हणाली, "बालवाडी उघडली वाटतं." पोरं हसली, पण खेळत राहिली. पुढच्या रविवारी त्यानं मैदानाच्या आरपार, खांबापासून खांबापर्यंत, गुडघ्याच्या उंचीवर दोरी बांधली. बॉल दोरीखालूनच गेला पाहिजे. तिला ती दोरी पाहूनच कसंतरी झालं. कपडे वाळत घालायची दोरी इतक्या खाली कोण बांधतं? घरात कुणी गेलं असेल, सुतकातले कपडे वेगळे घालायचे असतील, तरच. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं राजीवला पुढून काढून मागे, बॅकच्या जागी उभं केलं. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी राजीव बाकावर बसला होता. तेहेतीस वर्षांचा, कपाळावर डाव्या भिवईच्या वर एक जुनी खूण, नवा शर्ट घडीसुद्धा न मोडलेला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खेळाकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर काय होतं ते तिला वाचता येईना. पोटचा पोरगा, आणि वाचता येईना. अपमानच असणार, दुसरं काय असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं आणि ते दुखणं आपल्या अंगाला लावून घेतलं.

त्याच मॅचमध्ये ते झालं. एक-एक बरोबरी, पाच मिनिटं राहिलेली, साकेतच्या पायात बॉल, समोरून दोघं अंगावर येताहेत. साकेत खालूनच शेजारच्याला द्यायला निघाला होता, आणि तिच्या घशातला महिनाभराचा शब्द अख्खा बाहेर पडला. "वर!" साकेत सहा वर्षांचा असल्यापासून तो आवाज ऐकत होता. पायानं डोक्याला विचारलं नाही. बॉल वर गेला, खूप वर, आणि जिथं राजीव असायचा तिथं उतरला. तिथं कुणी नव्हतं. तिथूनच समोरच्यांनी तो उचलला आणि गोल केला. सलग तिसरी हार. साकेत कडेला येऊन रडवेला म्हणाला, "सॉरी काकू, यार, पाय आपोआप गेला." त्यानं तिची माफी मागितली, तेच तिला झोंबलं.

कामत तिच्या खुर्चीपाशी आला. तिनं तोंडातलं हत्यार परजून ठेवलं होतं. पण तो रागावला नाही. गवतावरच मांडी घालून बसला.

"काकू, तुमचा आवाज माझ्यापेक्षा लांब जातो."

"जाणारच. तेरा वर्षं जातोय. तुमचा अजून गुडगावातच आहे."

तो हसला. "खरं आहे. एक विचारू? हे उंच खेळायचं मूळ कुणी काढलं?"

"फोटो पाहिला नाहीत हॉलमधला?"

"पाहिला. मी जोगिंदरला विचारलं, तेव्हा मैदान कसं होतं. तो म्हणाला, सर, पूरी रोडी थी." कामतनं गवताची काडी उपटली. "मग मला कळलं. ज्यानं हे काढलं तो माणूस फार डोकेबाज. जमीन बघून खेळ काढला त्यानं. आभाळबिभाळ नंतर आलं असणार, लोक लावतात मागाहून. मला वाटतं काकू, तो माणूस आज हे गवत बघता ना, तर उंच मारणं सगळ्यांत आधी त्यानंच बंद केलं असतं."

अलकनंदाला उठून जावंसं वाटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते बरोबर सांगितलं होतं, पान, पोळी, किल्ली सगळं सोडून नेमकं तेवढंच. आणि तेही फोटोतल्या माणसाच्या नावावर जमा झालं. शिवाय वर शिव्याही दिल्या होत्या त्यानं, गोड बोलून: तो माणूस असता तर त्यानंच बंद केलं असतं. म्हणजे ज्यानं बंद केलं नाही, तो कोण? जो दोन वर्षं गवतावर बसून रोडीसाठी काढलेला शब्द ओरडतोय, तो कोण? "डोकेबाज होते खरे," ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच परका वाटून तिनं खुर्ची मिटली.

बुधवारी क्लबचे सेक्रेटरी मुरलीधर साठ्ये घरी आले. रेल्वे भवनातून निवृत्त, बोलताना समोरच्याच्या पोह्यांकडे बघायची सवय. म्हणाले, रविवारी दुपारी हॉलमध्ये मीटिंग ठेवली आहे. तीन मॅच घालवल्या. कंपनीचे शर्ट ठेवू, माणूस परत पाठवू. "कमिटीत अर्धे इकडे, अर्धे तिकडे, वहिनी. पण तुम्ही उभं राहून एक वाक्य बोललात, की हा भाऊसाहेबांचा खेळ आहे आणि तो बदलायचा नाही, तर कुणाची बिशाद नाही. राजीव पुन्हा पुढे. चलो, विषय संपला."

"एकच वाक्य?"

"एकच. तुमच्या तोंडून."

ते गेल्यावर विनया बशा उचलत म्हणाली, "आई, राजीवला विचारलंत का, त्याला काय हवंय?"

"त्याला काय विचारायचं? बापाचं नाव आहे त्याच्या डोक्यावर."

"तेच म्हणतेय मी," विनया म्हणाली आणि नळ सोडला. ही मुलगी नोएडाच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर बोटं चालवते आणि घरी येऊन असं अर्धंमुर्धं बोलते. अलकनंदानं तिच्या पाठीकडे पाहिलं. विचारायचं म्हणे. भाऊसाहेबांना तिनं कधी काही विचारलं होतं? त्यांनी तिला? विचारलं नाही म्हणून संसार झाला. विचारत बसले असते तर दोघं अजून सरोजिनी नगरात असते. पण तीन दिवस ती घरभर उगाच फिरत राहिली. डबे काढले, पुसले, पुन्हा तिथंच ठेवले. बाल्कनीत जाऊन उभी राहिली. खाली हिरवंगार ताट. तिनं डोळे बारीक करून रोडी शोधली. एक खडासुद्धा दिसेना. एका वाक्यानं राजीव परत पुढे जाणार, आणि ते एक वाक्य खोटं असणार. हा भाऊसाहेबांचा खेळ आहे. आजवर हे वाक्य जग बोललं, ती फक्त गप्प राहिली. गप्प राहणं आणि आपल्या तोंडानं बोलणं, दोन्ही एकच, असं ती स्वतःला समजावत होती, आणि समजत नव्हतं. आणि दुसरं वाक्य? ते बोललं तर फोटोतल्या माणसाचं काय राहतं? चांगला माणूस होता. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, एक शब्द फक्त उचलून नेला. शेजाऱ्याची वाटी चुकून आपल्या मांडणीवर येते आणि मग परत करायला लाज वाटते, तसं असेल. असेल. पण वाटी माझी होती.

रविवारी हॉलमध्ये समोसे होते, चाळीसेक माणसं होती, मागच्या भिंतीला टेकून टीम उभी होती. कामत शेवटच्या रांगेत. राजीव खिडकीपाशी. साठ्यांनी मिळमिळीत प्रस्तावना केली, भाऊसाहेबांच्या आठवणीनं गळा दाटल्यासारखा केला, आणि म्हणाले, "आता वहिनी दोन शब्द बोलतील." अलकनंदा उठली. समोर निळं कापड, कापडाखाली फोटो. तिला बोलायची भीती कधी वाटली नव्हती. आजही नव्हती.

"खेळ ह्यांचा नव्हता," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं ह्यांना. जेवताना. खाली रोडी आहे, तर वरून टाका. एवढंच होतं ते. त्यात तत्त्व नव्हतं."

पंखा फिरत होता. कुणीतरी समोसा तोंडाशी नेता नेता थांबवला. मग साठ्ये हसले, प्रेमानं, आजारी माणसाकडे पाहून हसावं तसं. "वहिनी, सहधर्मचारिणी होतात तुम्ही, श्रेय अर्धं तुमचं आहेच, बिल्कुल आहे. आज भावनेच्या भरात—"

"भावना नाही साठ्ये, रोडी. मैदानात पडलात तेव्हा तुमच्याच गुडघ्यात शिरली होती. मीच सुईनं काढली."

मागची पोरं खिदळली. पण माणसं हळूहळू एकमेकांकडे बघायला लागली, आणि त्या बघण्यात विश्वास नव्हता. वय झालं, पोरगा बाकावर बसला, धक्का घेतलाय, असं ते बघणं म्हणत होतं. एक बाई हलकेच म्हणाली, "बिचारी." ज्यासाठी तिनं ही वर्षं दात आवळले, ते बाहेर काढून टेबलावर ठेवलं होतं, आणि कुणी हात लावत नव्हतं. तेव्हा शेवटच्या रांगेतून कामत उठला.

"कुठून दिसलं तुम्हाला, काकू?"

"तिसरा मजला. डाव्या हाताची बाल्कनी."

"तिथून दोन्ही गोलपोस्ट दिसतात?"

"पिंपळ तेव्हा एवढा नव्हता. दिसायची."

त्यानं मान हलवली, जणू नोंद करून घेतली, आणि खाली बसला. टाळ्या वाजवल्या नाहीत. पण साठ्यांना जे एक वाक्य हवं होतं ते आता कुणालाच बोलता येईना. भाऊसाहेबांचा खेळ म्हणावं तर त्यांची बायकोच उभी राहून नाही म्हणते. शेवटी ठरलं की मॅनेजर मार्चपर्यंत राहू दे, पुढचं पुढे. माणसं चहाकडे वळली. अलकनंदा जिंकली होती का हरली होती, तिला कळेना. अंगातून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, पण ते ओझं होतं का बळ होतं, तेही कळेना. चहा न घेताच ती निघाली. मागून पावलं वाजली. राजीव.

जिना दोघं चढायला लागले. पहिला मजला, दुसरा. दुसऱ्याच्या वळणावर तो थांबला.

"खरं की काय, आई?"

"मी खोटं बोलते कधी? टोचून बोलते. खोटं नाही."

राजीव कठड्याला टेकला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला अपेक्षित नव्हतं. तो हसत होता, म्हणजे हसू येत होतं आणि तो ते आवरत होता. "म्हणजे बाबांचं नव्हतंच ते," तो म्हणाला. "च्यायला. म्हणजे सोडता आलं असतं."

"काय सोडता आलं असतं?"

"आई, मला बॉल डोक्यावर घ्यायला कधी आवडलंच नाही गं. एक दिवस नाही. मला मागे खेळायचं होतं. बाकावर बसवलं त्या दिवशी मला कसलं हलकं वाटलं, तुला काय सांगू. पण बाबांनी काढलेला खेळ, आणि मी त्यांचा मुलगा. त्यांना कसं सांगणार? मग ते गेले. मग तर संपलंच."

तर बाकावरच्या त्या तोंडावर ते होतं. सुटका. आणि तिनं घरी आणून अपमान म्हणून जपला. तिला राग आला, कुणाचा ते ठरत नव्हतं, म्हणून हाताशी होता त्याच्यावरच काढला. "म्हणजे बापाचं होतं म्हणून निमूट खेळलास. आणि आईचं आहे हे कळलं असतं तर?"

"तर पहिल्याच वर्षी भांडलो असतो तुझ्याशी," राजीव म्हणाला. सहज म्हणाला, वाईट वाटावं म्हणून नाही. ते खरं होतं म्हणून. तिला ते लागलं, आणि लागता लागता दुसरीकडून कुठूनतरी बरंही वाटलं. बापाच्या आणि मग त्याच्या फोटोच्या पुढ्यात पोरगा तेरा वर्षं मुका राहिला. तिच्याशी भांडला असता. ते भांडण तिच्या हक्काचं होतं आणि तेही तिच्या घरातून परस्पर उचलून नेलं गेलं होतं.

"मग आता भांड," ती म्हणाली.

"आता काय, आई."

"भांड म्हणते ना. मी इथंच आहे."

राजीवनं तिच्याकडे पाहिलं. हसू गेलं. एकदा खाली, जिन्याच्या अंधाऱ्या भागाकडे पाहिलं, आणि मग तो बोलला तेव्हा आवाज वीस वर्षांच्या पोराचा होता. "एवढ्या उंचावरून यायचा तो बॉल. दर रविवारी पंचवीस-तीस वेळा. तू खाली खुर्चीत बसून ओरडायचीस. एकदाही विचारलं नाहीस, राजू, लागतं का रे?"

तिच्याजवळ उत्तरं होती. नेहमी असत. पुरुषासारखा पुरुष, बॉलला भितोस? मग तूच का नाही सांगितलंस? मी काय बॉल मारत होते? तिन्ही जिभेवर येऊन उभी राहिली आणि तिन्ही तिनं परतवली.

"लागायचं का रे?" तिनं विचारलं.

"हो," राजीव म्हणाला. "दोन-दोन दिवस डोकं ठणकायचं. सोमवारी ऑफिसात फाइलवरची अक्षरं हलायची. आणि अजून सांगू?"

वरच्या मजल्यावर विनयानं दार उघडल्याचा आवाज आला. "जेवायला येताय ना?" तिनं वरूनच विचारलं. अलकनंदानं पदर गोळा केला, गुडघ्यावर हात ठेवला, आणि ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली.

"सांग," ती म्हणाली.